दुपारी पडून

४ जानेवारी

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला चार गोड शब्द लिहायची पद्धत आहे. ते तुम्ही तुमच्या मनाने घालून घ्या, माझ्याकडे शिल्लक नाहीत.

तुमच्या शनिवार मंडळाचं पत्र काल आलं. बँकांतली, विमा कंपन्यांतली जाणती माणसं दर शनिवारी फुकट काम करतात आणि आमच्यासारख्या वस्तीतल्या संस्थांना कर्जाचे अर्ज नीट करून देतात, असं ऐकून मी त्यांच्याकडे हात पसरला होता. ‘तुमच्यासाठी अनुभवी कर्ज अधिकारी नेमला आहे’ असं पत्रात होतं आणि खाली तुमचं नाव. मी लगेच फोन करून दुसरं कुणी मिळेल का विचारलं. तिकडची मुलगी म्हणाली, त्यांच्याइतकं बारकाईने काम करणारं आमच्याकडे कुणी नाही. तिला मी काय सांगणार?

तेव्हा नाइलाज आहे. काम असं की आमचा हॉल, म्हणजे तो जुना छापखाना, मालक विकायला निघालाय. आधी आम्हाला विचारलं हे त्याचे उपकार. मार्चअखेर आम्ही घेतला नाही तर तो दुसऱ्याला देणार, आणि हॉल गेला की संस्था गेली. वस्त्यांच्या कामासाठी स्वस्तात कर्ज देणारा एक विकास निधी आहे. त्याला पटेल असा अर्ज करायचाय. आमच्याकडची माहिती सोबत आहे.

माझ्या अटी ऐका. सगळं लेखी व्हायला हवं. फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं, हे आजवर पुष्कळ झालं. दुसरं, इथे यायचं नाही. ह्यांना नेलं त्या दिवशी दारात उभं राहून तुम्ही काकांना म्हणालात, ‘दादाने आयुष्य फुकट घालवलं.’ मी आतल्या खोलीत होते, पण बहिरी नव्हते. ज्या जागेत ते आयुष्य गेलं तिथे तुमचं पाऊल मला नको आहे.

वहिनी

९ जानेवारी

वहिनी,

गोड शब्द घालून घेतले. एका ओळीत मावले.

तुमच्या माहितीसाठी, मीही मंडळाकडे दुसरी संस्था मागितली होती. निवृत्त झाल्यावर मी घरात डब्यांची झाकणं लागतात का ते तपासत फिरायला लागलो, म्हणून तुमच्या जावेने मला या मंडळात धाडलं. इथे येऊन तुमचाच अर्ज हाती येईल असं ठाऊक असतं तर झाकणंच बरी होती.

आता तुमच्या माहितीबद्दल. ‘उत्पन्नाचे साधन’ यापुढे तुम्ही ‘लोकांची माया’ असं लिहिलंय. मायेवर कर्ज देणारं कुणी माझ्या पाहण्यात नाही. निधी दान करत नाही, कर्ज देतो, आणि ते फिटेल हे त्याला आज दिसलं पाहिजे. त्यासाठी दरमहा ठरलेली रक्कम कुठून तरी यायला हवी. तुमच्या पाळणाघराची फी म्हणजे ज्याला जमेल त्याने जमेल तेवढी. शिवणवर्गाची तर तुम्ही लिहायचीच विसरलात. असल्या कागदांवर अर्ज गेला तर तो तिथे हसायला वाचतील.

सोबत एक तक्ता आहे. हॉल दिवसभरात कधी कशासाठी वापरता ते भरा. एका रकान्यात एक शब्द पुरे, निबंध नको.

दादाबद्दल मी काय म्हणालो ते मला आठवतं. त्यावर पत्रव्यवहार करायची माझी तयारी नाही. येऊ नका म्हणालात, येणार नाही. न पाहिलेल्या कारखान्यांना कर्जं देण्यात माझी सगळी नोकरी सरली आणि एकही कर्ज बुडालं नाही.

भाऊजी

१५ जानेवारी

भाऊजी,

एक शब्द म्हणालात, एकच लिहिलाय.

सकाळी: पाळणाघर. दुपारी: पडून. संध्याकाळी: शिवणवर्ग.

मुलं पायात घोटाळत असताना उभ्या उभ्या भरला हा तक्ता. यावरून तुम्हाला इथलं काय कळणार आहे ते देव जाणे. उंटावर बसून शेळ्या हाकायची तुमची सवय जुनीच आहे, हाका.

शिवणवर्गाची फी नाही. विसरले नव्हते.

वहिनी

२ फेब्रुवारी

वहिनी,

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्याकडून उपयोगाची गोष्ट आली. दुपारी पडून! वस्तीच्या मधोमध एवढा मोठा हॉल, आणि रोज दुपारभर हे असं चाललंय. इतकी वर्षं तुम्ही ते चालू दिलंत आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दादालाही नाही, याचं मला नवल वाटत नाही.

तुमच्या अर्जातली अडचण माझ्यापुरती सुटली. दुपारचे पैसे होऊ शकतात. सकाळ आणि संध्याकाळ तुमच्या मनासारखी फुकट वाटत बसा, दुपारवर कर्ज फिटेल. मंडळातल्या दोघांना दाखवलं, त्यांनी पाठ थोपटली.

भाऊजी

६ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. तो शांत व्हायला दोन दिवस दिले, झाला नाही, म्हणून तसाच बसून लिहिते आहे.

आमच्या बायकांकडून दुपारचा एक पैसा मी घेणार नाही. ज्या दिवशी घेईन त्या दिवशी आपल्या हाताने हॉलला कुलूप लावीन. ‘हे असं चाललंय’ म्हणे! ज्यांनी ते चालू केलं त्यांना तुमच्या मंडळाची पाठ थोपटून घ्यायची नव्हती. दुसरा काही मार्ग असेल तर सांगा, नाहीतर सरळ हात वर करा. मी मालकाच्या पायऱ्या झिजवीन.

वहिनी

१२ फेब्रुवारी

वहिनी,

तुमच्या बायकांकडे कुणी मागितलं? नेहमीप्रमाणे अर्धं वाचून भांडायला उभ्या राहिलात.

पैसे बाहेरची एक कंपनी देणार आहे. तिला तुमच्या भागात पाय रोवायचे आहेत. दरमहा, ठरलेल्या तारखेला, न चुकता. बदल्यात दुपार तिच्या नावावर करायची, एवढंच. तुमचं पाळणाघर, तुमचा शिवणवर्ग, कशालाही धक्का नाही. निधीच्या बाईंना कल्पना पसंत आहे. त्या म्हणाल्या, वस्तीतल्या संस्थेने असा विचार केलेला पहिल्यांदाच पाहते. विचार कुणी केला ते सांगितलं नाही.

कागद सोबत आहेत. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करायची. वाचत बसलात तर प्रत्येक ओळीवर भांडण काढाल आणि मार्च उलटून जाईल.

भाऊजी

१८ फेब्रुवारी

भाऊजी,

फुल्यांवर सह्या केल्या. कागद उलट टपाली धाडते आहे.

कुठल्या कंपनीला आमच्या दुपारची एवढी कळकळ येईल असं वाटलं नव्हतं. दारावर त्यांच्या नावाची पाटी लावायची असली तर लावू दे. फक्त दुपारी ठोकाठोक नको म्हणावं.

तुमचे आभार मानावेत असं मनात आलं होतं. मग ते ‘नेहमीप्रमाणे’ आठवलं आणि विचार सोडून दिला.

वहिनी

३ एप्रिल

भाऊजी,

मागच्या आठवड्यात हॉल आमच्या नावावर झाला आणि काल तुम्ही तो आमच्याकडून काढून घेतला.

दुपारी दारात टेम्पो लागला. कुरिअर कंपनीची माणसं बूट वाजवत आत शिरली आणि त्यांनी खोकी फेकायला सुरुवात केली. आत बायका झोपल्या होत्या. एक खोकं आमच्या इस्त्रीवालीच्या उशापाशी येऊन आदळलं. ती धडपडत उठली ती पदर सावरत भिंतीलाच जाऊन टेकली. मी धावत गेले तेव्हा त्यांचा मुकादम शांतपणे म्हणाला, ‘बाई, दुपारी हॉल आमचा आहे.’ आणि माझ्या सहीचा कागद माझ्यापुढे धरला.

तुम्हाला कोण बायका ते विचारायची गरज वाटली नाही, म्हणून आता सांगते. इस्पितळात फरशी पुसणाऱ्या, तिथल्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या, मोठ्या कचेऱ्या रात्री झाडणाऱ्या. सगळ्या रात्रपाळीच्या. सकाळी घरी जातात, स्वयंपाकपाणी उरकतात, आणि मग घरात अंग टाकायला जागा नसते. एक खोली, त्यात सासरा, मुलं, शेजारचा टीव्ही. छापखान्याच्या भिंती जाड आहेत आणि खिडक्यांना पूर्वीचा काळा रंग आहे, म्हणून ह्यांनी दुपारचा हॉल त्यांना दिला. घड्याळबाई म्हणून आमची एक म्हातारी आहे. कुणाला कधी उठवायचं ते सगळं तिच्या डोक्यात असतं. पायाच्या अंगठ्याला हात लावून एकेकीला उठवते, शेजारणीची झोप मोडत नाही.

हे तुम्ही विकलंत. अभिनंदन.

वहिनी

७ एप्रिल

वहिनी,

झालं ते वाईट झालं. पण ते माझ्या माथी मारू नका.

तुमचा तक्ता समोर ठेवून लिहितो आहे. ‘दुपारी: पडून.’ अक्षर तुमचं आहे. जागा पडून असते म्हणजे ती रिकामी असते. माल पडून, यंत्र पडून, रक्कम पडून, हा शब्द मी जन्मभर याच अर्थाने वाचला आणि माझ्या जागी कुणीही तसाच वाचला असता. बायका झोपतात तर ‘झोप’ असं लिहायला काय हरकत होती? तोही एकच शब्द आहे.

करार वर्षाचा आहे, आज मोडता येणार नाही. मोडला तर कंपनीचे पैसे बंद, पैसे बंद की निधी कर्ज मागे घेणार, आणि हॉल पुन्हा विकायला निघणार. मी काही मार्ग शोधतो, तोवर त्या बायकांनी काही दिवस घरीच सोय पाहावी.

भाऊजी

११ एप्रिल

भाऊजी,

पाडा शब्दाचा कीस, तेवढं एक तुम्हाला छान येतं.

‘जरा पडते’ असं तुमच्या घरात कधी कुणी म्हटलं नाही? रात्रभर उभी राहिलेली बाई दिवसा ‘झोपते’ म्हणत नाही, भाऊजी. तिला लाज वाटते. भर दुपारी झोपणारी बाई म्हणजे आळशी, असं तिने लहानपणापासून ऐकलेलं असतं. म्हणून ती म्हणते, ‘ताई, जरा पडू का?’ आमच्याकडे सगळ्या हेच म्हणतात आणि मी तेच लिहिलं. तुमच्या रकान्यात माल येतो, यंत्र येतं, पण माणूस पडलेला येत नाही. माझं चुकलं असेल तर एवढंच की तुमच्या घरी कुणी दमत असेल असं मी धरून चालले.

माझी बाकीची सगळी वाक्यं तुम्ही धाब्यावर बसवलीत, आणि ‘येऊ नका’ हे एवढं मात्र सोन्यासारखं जपलंत. आता सांगते, या. दुपारीच या आणि घरी सोय पाहावी हे त्यांच्या तोंडावर सांगा.

वहिनी

२० एप्रिल

वहिनी,

मंगळवारी येऊन गेलो. तुम्ही इस्पितळात कुणाला तरी पाहायला गेला होता असं कळलं. तुम्ही नव्हता ते बरंच झालं.

जिन्यावर बायका बसल्या होत्या. मांडीवर पिशव्या, एकीचं डोकं कठड्याला, एकीचं भिंतीला. सगळ्या बसल्या बसल्या झोपलेल्या. वर जायला वाट नव्हती, मी खालच्याच पायरीवर थांबलो. तुमच्या घड्याळबाईंना मी कंपनीचा माणूस वाटलो. त्या हळूच म्हणाल्या, ‘साहेब, खोकी जरा अलगद ठेवा म्हणावं. निदान इथे तरी डोळा लागू दे यांचा.’

मी कुणाच्या पायाला धक्का न लावता कसाबसा वर गेलो आणि मुकादमाला तसं सांगितलं. त्याने मला करार वाचून दाखवला. मसुदा माझाच होता. मी त्यात खोट शोधत राहिलो आणि एकही सापडली नाही. मी मसुदे चांगले करतो.

घरी सोय पाहावी हे माझं वाक्य मी मागे घेतो. तुम्ही त्याच्यावर हसाल ते हसून घ्या.

एक मार्ग आहे. मी कंपनीत जाऊन आलो. त्यांना दुपारच हवी असं नाही, दिवसातला एक सलग भाग हवा आहे. तुम्ही संध्याकाळ दिलीत तर ते दुपार सोडतील. पैसे तेवढेच आणि निधीचीही हरकत नाही. पण मग शिवणवर्ग बंद करावा लागेल. दुसरं काही हाती असतं तर हे लिहिलं नसतं.

भाऊजी

२४ एप्रिल

भाऊजी,

म्हणजे तुम्ही दुपार घालवलीत आणि ती सोडवायला मी माझी संध्याकाळ द्यायची. वा.

शिवणवर्ग म्हणजे तुमच्या तक्त्यातला तिसरा रकाना नव्हे. ह्यांच्यामागे मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत होते, तेव्हा त्या मुलींनी मला यंत्रापुढे आणून बसवलं. आता चौदा जणी आपापल्या शिलाईवर घर चालवतात. त्यांना काय सांगू, माझ्या दिराने एक शब्द उलटा वाचला म्हणून यंत्रं उचला? शिवणवर्ग बंद होणार नाही. तुम्ही सोडवणारे ना, मग आपली चूक आपल्या खिशातून सोडवा. पुन्हा कंपनीत जा, पाया पडा, काय वाटेल ते करा.

वहिनी

९ मे

भाऊजी,

शिवणवर्ग बंद केला. कागद पाठवा. या वेळी वाचून सही करीन.

परवा रात्री धुलाईघरात इस्त्रीवालीला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात चादरी दाबणाऱ्या गरम रुळाखाली गेला. दुपारचा हॉल गेल्यापासून तिला धड झोप नव्हती. घरी पडायची तर सासरा बडबडायचा, आणि जिन्यावर तिची मान अवघडायची. हात वाचलाय. बोटं पुन्हा वळतील का, ते डॉक्टर सांगत नाहीत.

तुमचं वीस तारखेचं पत्र माझ्याकडे येऊन पडलं होतं. तेव्हाच हो म्हटलं असतं तर बायका कधीच आत आल्या असत्या. तुम्ही हे लिहायच्या आधी मीच लिहून टाकते, तेवढा आनंद तुम्हाला नको.

वहिनी

१३ मे

वहिनी,

कागद सोबत आहेत. या खेपेला फुल्या केलेल्या नाहीत. सोमवारपासून दुपार तुमची.

मला कसला आनंद होणार होता ते मला समजलं नाही. तुमचं पत्र मी हिला वाचून दाखवत होतो. अर्ध्यावर थांबलो, पुढचं तिने वाचलं.

त्या बाईंना सांगा की चूक माझी होती. हवं तर तसं लिहून देतो, त्या म्हणतील त्या शब्दांत. औषधपाण्याचं मी पाहीन. तुम्हाला ते चालणार नसेल तर मंडळाच्या नावाने पाठवतो, माझं नाव कुठे येणार नाही. मी आलो तर त्यांना चालेल का, तेही विचारा. तुम्हाला चालेल का, हे मी विचारत नाही.

भाऊजी

२ जून

भाऊजी,

इस्त्रीवाली काल आली. हाताला अजून पट्टी आहे. कामावर घेत नाहीत, तरी दुपारी येते. घरी बसलं की हात ठणकतो म्हणते. घड्याळबाईने तिला भिंतीकडची जागा दिली आणि हाताखाली घडी घातलेली चादर ठेवली. औषधाचे पैसे मिळाले. तुमच्याच नावाने दिले, मंडळाच्या मागे लपायला मी तुम्हाला मदत करणार नाही.

अंग टेकता टेकता तिने मला विचारलं, ‘ताई, आमची दुपार दिली होती कुणी?’

तुमचं नाव जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. तुम्हीच तशी मुभा दिली होती. ती तुम्हाला ओळखत नाही. दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती, आणि तिच्याबरोबर मीही. पण तिच्या हाताकडे बघून ते मला जमलं नाही. मी म्हटलं, ‘आमच्या घरातूनच गेली. मी आणि माझा दीर, आम्ही दोघांनी मिळून घालवली.’

तिला राग आला असेल असं मला वाटलं, पण तिच्या तोंडावर नुसतं नवल होतं.

‘का हो,’ ती म्हणाली, ‘तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हता का?’

आणि उत्तराची वाट न बघता कुशीवर वळून झोपी गेली.

वहिनी